मदत हवी आहे: स्कायरिम गेममध्ये रविवारपर्यंत पाच हजार नाणी कशी करू?

खणआळी_सातारा (गुरुवार, रात्री ११:४०)
लोकहो, डोकं फिरायची वेळ आलीय. गेममधल्या व्हाइटरन शहरातलं ते घर घ्यायचंय, ब्रीझहोम. ५००० मागतोय. माझ्याकडे ११४० आहेत. परवा २३०० होते! म्हणजे जितकं खेळतोय तितके कमीच होतायत. तो दुकानदार बेलेथॉर कवडीचा भाव देतो आणि वर थोडं विकलं की त्याचेच पैसे संपतात. यूट्यूबवर पोरं तासाभरात लाखभर करून दाखवतात. माझंच काय चुकतंय? रविवारपर्यंत काहीही करून पाहिजेत. लांबण लावू नका, थेट सांगा.

रात्रीचं_घुबड (११:५२)
थेट पाहिजे ना? घे. टॅबच्या वरची कळ दाब, कन्सोल म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी उघडेल. तिथं प्लेअर डॉट ॲडआयटम, मोकळी जागा, एफ, मोकळी जागा, ५००० असं इंग्रजीत टाइप कर, एंटर मार. झालं. पुढचा प्रश्न.

हरिपूरकर_अण्णा (शुक्रवार, सकाळी ६:१५)
बाळा, आधी एवढं सांग. कशावर खेळतोस? लेव्हल किती? स्पीच, म्हणजे घासाघिशीचं कौशल्य, किती? विकतोस काय? आणि ते अकराशे साठ गेले कशात? पैसे आपोआप कमी होत नाहीत, कुणीतरी खर्च केलेले असतात.

मंत्र_तंत्र (सकाळी ९:०५)
प्रश्न विचारत बसू नका, उत्तर एकच आहे. व्हाइटरनच्या उत्तरेला हॉल्टेड स्ट्रीम कॅम्प म्हणून डाकूंचा अड्डा आहे. आतल्या खाणीत टेबलावर ट्रान्सम्यूटचं पुस्तक पडलेलं असतं. वाचलं की मंत्र कायमचा आला. लोखंडाच्या खनिजाची चांदी, चांदीचं सोनं. त्याच खाणीत लोखंडही आहे, फक्त कुदळ न्या. दोन खनिजांचा एक सोन्याचा गोळा, किंमत १००. मी दहा वर्षं हेच करतोय.

मिरजवाली (सकाळी ९:३०)
मंत्र_तंत्र, तुम्ही दहा वर्षं करताय ते ठीक, पण त्याला रविवारपर्यंत पाहिजेत. हिशोब तरी पूर्ण सांगा. त्या मंत्राला ८८ मॅजिका (मंत्र मारायची शक्ती) लागते आणि सुरुवातीला बहुतेकांकडे असते १००. म्हणजे एकदा मारला की बसा वाट बघत. एका खनिजाचं सोनं व्हायला दोनदा मारायचा, आणि गोळ्याला खनिजं दोन. चार मंत्र झाले. आणि तो १०० चा गोळा दुकानात जातो ३२ च्या आसपास. यापेक्षा माझ्या बाजूच्या दळणवाल्याला जास्त सुटतात.

मंत्र_तंत्र (सकाळी ९:४४)
ताई, तास-दोन तास थांबायचं बटण दाबलं की मॅजिका भरते. आणि अंगठ्या केल्या की स्मिथिंग (लोहारकामाचं कौशल्य) वाढतं, ते कुठल्या हिशोबात धरलं?

मिरजवाली (सकाळी ९:५१)
त्याने स्मिथिंग विचारलंय का? घर विचारलंय.

खणआळी_सातारा (दुपारी १:२०)
कॉलेजात होतो. घुबडदादा, टॅब कुठाय? मी टीव्हीवर खेळतो, हँडलवर.

अण्णा, लेव्हल ८, स्पीच १७. काय विकतो म्हणजे... मिळेल ते. थडग्यातल्या त्या प्रेतांच्या तलवारी, कापडाच्या पट्ट्या, चिलखतं. सगळं उचलतो, काही सोडत नाही. बहुतेक वेळ वजन २९८/३०० असतं.

रात्रीचं_घुबड (दुपारी १:२६)
हँडलवर म्हणजे पीएस-फोर? मग पहिल्याच ओळीत सांगायला काय झालं होतं! कन्सोलवर कन्सोल नसतो. (हे वाक्य मला फार दिवस लिहायचं होतं.)

स्पष्टवक्ता (दुपारी १:४०)
कॉलेजातून आल्या आल्या हँडल. खोट्या घरासाठी खोटी नाणी. एवढाच वेळ स्पर्धा परीक्षेला दिला असता तर खरं घर झालं असतं. बोलायचं नव्हतं पण राहवलं नाही.

चार्जर_विसरलो (दुपारी १:४२)
सांगलीत कुणाकडे स्कायरिमची जुनी पीएस-फोर डिस्क आहे का? विश्रामबागला येऊन घेऊन जाईन.

हरिपूरकर_अण्णा (दुपारी ३:१०)
स्पष्टवक्तेसाहेब, माझं वय ६३. घर खरं आहे, नातवाने हा खेळ शिकवला. तुमचं झालं असेल तर पोराकडे बघू.

बाळा, तू हमाली करतोयस, व्यापार नाही. थडग्यातली ती लांब तलवार घे. वजन १८, किंमत ३५. तुझ्या स्पीचला दुकानदार किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडं कमी देतो. म्हणजे अठरा वजन वाहून आणलंस आणि हातात पडले अकरा. ड्रॅगनच्या हाडाचं वजन १५ आणि किंमत ५००. तुझ्या दराने १६० सुटतात. वस्तू उचलायच्या आधी किमतीला वजनाने भाग. दहाच्या खाली आलं तर तिथंच पडू दे. पहिला ड्रॅगन मारलास ना? हाडं काय केलीस?

खणआळी_सातारा (दुपारी ३:३२)
मारला. हाडं जड होती म्हणून टाकली तिथंच 😐

मिरजवाली (दुपारी ३:३५)
अगं बाई.

हरिपूरकर_अण्णा (दुपारी ३:५०)
काय बोलावं. पश्चिमेच्या बुरुजाकडे जा, सांगाडा बहुधा अजून पडलेला असेल. पण अकराशे साठ कुठं गेले ते तू अजून सांगितलं नाहीस. तिसऱ्यांदा विचारायला लावू नकोस.

खणआळी_सातारा (दुपारी ४:१५)
ते गेले नाहीत हो, गुंतवले. एका व्हिडिओत होतं की लोखंडी खंजीर बनवत राहायचे, त्यातच पैसा आहे. म्हणून वॉरमेडन या लोहारणीच्या दुकानातून लोखंड आणि चामड्याच्या पट्ट्या घेतल्या, तिथल्याच भट्टीवर खंजीर ठोकले आणि तिलाच विकले. माल संपला की दोन दिवस थांबायचो आणि परत. चाळीसेक केले असतील.

हरिपूरकर_अण्णा (दुपारी ४:४०)
सापडलं.

लोखंडाच्या एका गोळ्याची मूळ किंमत ७. विकताना तुला तिसरा हिस्सा मिळतो, तसं घेताना तिप्पट द्यावे लागतात. म्हणजे साधारण २२ ला गोळा. चामड्याची पट्टी ३ ची, ती पडली ९ ला. झाले ३१. खंजिराची किंमत १०, तिने दिले ३. एका खंजिरामागे २८ चा खड्डा. गुणिले चाळीस कर बरं.

खणआळी_सातारा (दुपारी ४:४३)
११२०.

आई शप्पथ.

रात्रीचं_घुबड (दुपारी ४:५०)
तो खंजिराचा व्हिडिओ पैशाचा नसणार, स्मिथिंग वाढवायचा असणार. २०११ ला गेम आला तेव्हा खंजीर ठोकून स्मिथिंग शंभरला नेता यायचं. २०१२ च्या अपडेटमध्ये कंपनीने ते बंद केलं, आता वस्तूच्या किमतीप्रमाणे वाढतं. पोरगं इतक्या वर्षांपूर्वीचा जुना व्हिडिओ बघून धंदा करतंय.

मंत्र_तंत्र (दुपारी ४:५५)
म्हणूनच म्हणतो सोन्याच्या अंगठ्या करा. लोखंड विकत घ्यायचंच नाही, खणायचं.

मिरजवाली (संध्याकाळी ५:२०)
आता माझं ऐक. तोडायला फुकट, वजनाला हलकं आणि विकायला महाग अशी एकच गोष्ट आहे: औषधं. व्हाइटरनच्या वेशीबाहेर शेतं आहेत, तिथला गहू तोड. या खेळात उभं पीक तोडलं तर चोरी धरत नाहीत (आमच्याकडे उसाला हात लावून बघा). माळावर निळी फुलं दिसतात, ब्लू माउंटन फ्लॉवर, ती येता-जाता खुडत राहा. गहू आणि ते फूल एकत्र केलं की औषध तयार. औषधवाल्या अर्केडियाच्या दुकानात औषधं बनवायचं टेबल आहे, तिथंच बनवायचं आणि तिलाच विकायचं. गव्हाबरोबर राक्षसाच्या पायाचा अंगठा मिळाला तर भाव कितीतरी पट होतो.

खणआळी_सातारा (संध्याकाळी ५:३१)
राक्षस म्हणजे ते हत्तीवाले? एकदा गेलो होतो. त्याने सोटा असा हाणला की मी वर गेलो तो गेलोच. अजिंक्यताऱ्यावरून दिसलो असेन.

मिरजवाली (संध्याकाळी ५:३४)
मग अंगठा राहू दे. फुलं खुड.

रात्रीचं_घुबड (संध्याकाळी ६:०२)
एवढी शेती करण्यापेक्षा, दुकानदाराचे पैसे संपले की सेव्ह कर, त्याला एक तलवार हाण, मग तोच सेव्ह परत लोड कर. त्याचा गल्ला परत भरलेला असतो. पीएस-फोरवर पण चालतं.

हरिपूरकर_अण्णा (संध्याकाळी ६:३०)
मी चाळीस वर्षं अडतीत काढली. गिऱ्हाईक असं करायला लागलं असतं तर मार्केट यार्डात कुणी गाळाच उघडला नसता.

रात्रीचं_घुबड (संध्याकाळी ६:३३)
अण्णा, तो खरा माणूस नाहीये हो.

हरिपूरकर_अण्णा (संध्याकाळी ६:५५)
सवय खरी असते ना. शिवाय गरज काय? बेलेथॉरच्या गल्ल्यात ७५०, लोहारणीकडे १०००, अर्केडियाकडे ५००, आणि वर मोठ्या भट्टीवर म्हातारा लोहार बसतो तो वेगळाच. पोरगं सगळा माल एकाच्या दारात ओततं आणि पैसे नाहीत म्हणून रडतं. माल वाटून द्यायचा. हाडं लोहारणीला, औषधं अर्केडियाला, उरलंसुरलं बेलेथॉरला. दोन दिवस म्हणजे खेळातले ४८ तास गेले की गल्ले परत भरतात.

आमच्या हरिपूरला हळदीची पेवं होती, जमिनीत खोल, तोंड एवढंसं. हळद वर्षानुवर्षं आत राहायची आणि भाव आला की पेव फोडायचं. २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि बरीच पेवं गेली. सांगायचं एवढंच की माल आहे म्हणून आजच विकायचा असं नसतं.

चार्जर_विसरलो (संध्याकाळी ७:१०)
अण्णा, आता किती पेवं चालू आहेत? आमच्या आजोबांची हळद असायची तिथं. आणि डिस्क?

हरिपूरकर_अण्णा (संध्याकाळी ७:२५)
लई थोडी. बहुतेक माल आता शीतगृहात जातो. आजोबांचं गाव कुठलं?

चार्जर_विसरलो (संध्याकाळी ७:२८)
कवठेपिरान.

स्पष्टवक्ता (संध्याकाळी ७:४०)
धागा गेमचा होता ना?

मिरजवाली (संध्याकाळी ७:५२)
तुम्ही सुरू केलंत स्पर्धा परीक्षेवरून, आता तुम्हीच विषय सांभाळा. @खणआळी, लिडिया कुठाय? तिच्या पाठीवर ओझं का नाही दिलंस?

खणआळी_सातारा (रात्री ८:१५)
लिडिया कोण?

मिरजवाली (रात्री ८:१७)
ड्रॅगन मारल्यावर यार्लने, म्हणजे तिथल्या सरदाराने, तुला थेन (मानकरी) केलं, तेव्हा एक बाई दिली ना हाताखाली. राजवाड्यात उभी असते.

खणआळी_सातारा (रात्री ८:२०)
ती? मला वाटलं राखणदार आहे, दोनदा वाटेतून ढकलून पुढं गेलो. ओझं घेते?

मंत्र_तंत्र (रात्री ८:२६)
घेते, पण तोंड वाकडं करून. आणि लग्न कर. रिफ्टनला माराच्या देवळात २०० ला ताईत मिळतो, तो गळ्यात घालून फिर. बायको दुकान टाकते आणि रोज १०० हातावर ठेवते.

रात्रीचं_घुबड (रात्री ८:३०)
घर नाही म्हणून धागा काढलाय त्याने. घर नसलेल्या पोराला कोण मुलगी देणार, सातारा असो नाहीतर स्कायरिम.

खणआळी_सातारा (शनिवार, रात्री १२:५०)
अपडेट. सांगाडा होता! तीन हाडं, तीन खवले. हाडं लोहारणीला, खवले बेलेथॉरला, मिळून सातशेच्या वर. लिडियाला सगळी चिलखतं दिली. दोन्ही शेतांतला गहू साफ केला, फुलं मोजली नाहीत, अंगठा दुखतोय (माझा, राक्षसाचा नाही). दहा वाजता लाईट गेली आणि अर्ध्या तासाची औषधं गेली, सेव्ह केलं नव्हतं. परत बनवली. आत्ता ३२६५.

मिरजवाली (शनिवार, सकाळी ८:१०)
नुसतं अर्केडियाकडे विकू नकोस, बेलेथॉरही औषधं घेतो. आणि टेबलापाशी जायच्या आधी सेव्ह कर रे बाबा.

हरिपूरकर_अण्णा (शनिवार, सकाळी ८:३०)
एक विचारायचं राहिलं. रविवारच का? घर कुठं पळून जातंय?

खणआळी_सातारा (रविवार, सकाळी ११:०५)
मशीन माझं नाही अण्णा. मावसभाऊ पुण्याहून आलाय, त्याचं आहे. आज दुपारी चारच्या गाडीने जातोय, वायरी गुंडाळायला लागलाय. माझ्याकडे ४८७० झालेत. गहू संपला, दुकानं रिकामी. १३० साठी अडलोय.

हरिपूरकर_अण्णा (रविवार, सकाळी ११:०९)
हे पहिल्या दिवशी सांगायचं ना! कुऱ्हाड आहे का? लाकडं फोड. एका तुकड्याचे ५ मिळतात. खानावळीतली हल्डा घेते, तिच्याशी एकदा बोलून घे. सव्वीस तुकडे म्हणजे १३०.

रात्रीचं_घुबड (रविवार, सकाळी ११:११)
तीन दिवस चर्चा करून शेवटी सरपण 😂

खणआळी_सातारा (रविवार, दुपारी १२:२०)
घेतलं! यार्लचा कारभारी प्रोव्हेंटस, त्याने किल्ली दिली. आत गेलो तर जाळी लागलेली, सामान काहीच नाही. फर्निचरचे पैसे वेगळे म्हणे, हे कुणी बोललं नाही.

मावसभाऊ मागे उभा राहून बघत होता. म्हणाला, माझ्या सेव्हमध्ये ६२,००० पडून आहेत, मी अजून घर घेतलं नाही. का विचारलं तर म्हणे, काय करायचंय घर, मी खानावळीत झोपतो.

मशीन बॉक्समध्ये गेलं. दिवाळीला येणार आहे परत.

चार्जर_विसरलो (रविवार, दुपारी १२:४१)
त्याला डिस्क विकायची आहे का विचार ना, अजून निघाला नसेल तर.