दार उघडलं नाही म्हणजे माज?

रानजाई: काल आयोवाकरांनी लिहिलं, त्यांची गोरी शेजारीण नव्या ग्वातेमालन कुटुंबाकडे केक घेऊन गेली, आत माणसं असून दार उघडलं नाही, ‘मिसळायचंच नाही तर आले कशाला?’ वाचून डोकं फिरलं. मी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, मार्शलटाउनला अकरा वर्षं काढली. १२ डिसेंबर २००६, ग्वादालुपेच्या मातेचा, म्हणजे मेक्सिकोच्या मेरीमातेचा सण, त्याच दिवशी स्विफ्टच्या मांस कारखान्यांवर इमिग्रेशनची धाड पडली. सहा राज्यांत मिळून तेराशेच्या आसपास माणसं उचलली, आमच्या गावातलीही. त्यानंतर अनोळखी थापेला दार उघडायचं नाही, हे पोरं घरातच शिकली. मी पुरणपोळ्या घेऊन शेजारी गेले तेव्हा पडदा हलला, दार नाही. ताट पायरीवर ठेवून आले. चार दिवसांनी ते परत आलं, वर मक्याच्या पानांत बांधलेले गरम तमाले, मक्याच्या पिठाचे वाफवलेले उंडे. भांडं रिकामं परत करायचं नसतं, हे त्या माउलीला कुणी सांगावं लागलं नाही.

आयोवाकर: धाडीचं वाईट वाटतं. पण केक नेणारी बाई पोलीस होती का? आणि यांच्यातल्या कितीकांना पंधरा वर्षं राहून इंग्रजी येत नाही, त्याचं काय? आपण शिकलोच ना?

दुर्गभटक्या: आपण विमानात बसायच्या आधीच शिकलो होतो! मांस कापायच्या लाइनवर कानात बोळे घालून दिवसभर उभं राहायचं, बोलणार कुणाशी? २००२ मध्ये आयोवाने इंग्रजी राजभाषा केली. त्या कायद्याने कुणाला एक शब्द तरी शिकवला का?

परिचारिका: भाषेचा विषय निघालाच आहे तर ऐका. नऊ वर्षांची मुलगी आईसाठी दुभाषी म्हणून उभी होती. डॉक्टर ‘ट्यूमर’ म्हणाले. ती अडखळली, मग आईला म्हणाली, ‘बोलिता’, म्हणजे छोटासा गोळा. मान खाली. डॉक्टर ओरडले, ‘माझ्याकडे बघून बोल.’ मोठ्यांसमोर नजर खाली ठेवणं हा तिच्या घरचा मान होता. फोनवर दुभाषी मिळत होता, कुणी लावला नाही.

आयोवाकर: म्हणजे सगळा दोष डॉक्टरचा? आईने काही शिकायचंच नाही?

रानजाई: तुमच्या आई सहा महिने आल्या होत्या, तेव्हा औषधाच्या दुकानात कोण बोलायचं?

आयोवाकर: आईला मध्ये आणू नका! त्या मुलीचं पटलं; लेकरावर असलं ओझं नकोच. शेजारणीला सांगतो, दारावर चिठ्ठी ठेव. भाषेबद्दल मात्र मी हटणार नाही.

परिचारिका: चिठ्ठी कोणत्या भाषेत? ग्वातेमालाच्या डोंगरातून आलेल्या कितीतरी बायकांना स्पॅनिशही धड येत नाही, त्यांची भाषा माम किंवा किचे. त्यापेक्षा केकच पायरीवर ठेवायला सांगा.