दुसऱ्या वर्षाला बाहेरून येणारी मुलं वाढवायची कशी? (गडचिरोली)

वैनगंगाकाठ: आमच्या विद्यापीठात बीए-बीएस्सीच्या तिसऱ्या सत्राला जागा रिकाम्या राहतात. नागपूर-अमरावतीला एक वर्ष काढून घरी परतलेली, मुक्त विद्यापीठात पहिलं वर्ष केलेली मुलं-मुली तालुक्यात पुष्कळ आहेत. ती इकडे यावीत, त्यात एटापल्ली, भामरागड, कोरचीकडची जास्त असावीत. पोस्टरं लावून झाली, फरक शून्य. सुरुवात कुठून करावी?

क्रेडिटवाला: पोस्टरवर तुम्ही "प्रवेश सुरू" लिहिता, मुलाला विचारायचं असतं "माझं गेलेलं वर्ष धरता का?" त्याचं लेखी उत्तर प्रवेशाआधी द्या.

गुणपत्रिकेसोबत जुना सिलॅबसही मागवा. समकक्षता समिती (जुने विषय आपल्या विषयांशी जुळतात का ते पाहणारी) तोच मागते आणि ऐन ऑगस्टात धावपळ होते. नव्या शैक्षणिक धोरणात वर्षाचे क्रेडिट (विषय पास झाल्यावर मिळणारे श्रेयांक) 40 ते 44. मेजरचे, म्हणजे मुख्य शाखेचे, विषय बारकाईनं तपासा. ओपन इलेक्टिव्ह (शाखेबाहेरचे ऐच्छिक विषय) आणि मूल्यशिक्षणात नावाला नाव जुळवत बसू नका, त्या बास्केटचे (विषयगटाचे) क्रेडिट त्याच बास्केटात धरा. नाहीतर चांगल्या मुलावर उगाच चार-पाच जादा पेपर बसतात आणि तो दिवाळीनंतर दिसत नाही.

एबीसी आयडी (क्रेडिट जमा ठेवणाऱ्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा खातेक्रमांक) डिजिलॉकरवरून लगेच निघते, पण क्रेडिट जुन्या विद्यापीठानंच चढवावे लागतात. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, स्पेलिंगही वेगळं. तिथंच गाडी अडते. आधी नाव दुरुस्त करायला लावा.

आणखी एक. एबीसीच्या 2021 च्या नियमावलीप्रमाणे पदवीचे निदान निम्मे क्रेडिट पदवी देणाऱ्या संस्थेत मिळवावे लागतात. तिसऱ्या सत्राला आलेला त्यात बसतो. तीन वर्षांच्या पदवीत पाचव्या सत्राला येणारा बसत नाही, त्याला आशा लावू नका. मध्ये खंड पडलेल्यांना सांगा की क्रेडिट 7 वर्षं जिवंत राहतात. पुष्कळांना हे माहीतच नसतं.

धानपट्टा: कागदांचा क्रम सांभाळा. समकक्षतेचं पत्र हातात पडेपर्यंत कोणाला टीसी (कॉलेज सोडल्याचा दाखला) काढायला लावू नका. टीसी निघाली आणि इकडे नकार आला, तर तेलही गेलं नि तूपही गेलं. पत्र, मग टीसी, मायग्रेशन (विद्यापीठ बदलाचा दाखला), तात्पुरता प्रवेश, शेवटी एलिजिबिलिटी (विद्यापीठाची पात्रता मंजुरी). एकाच विद्यापीठातल्या दुसऱ्या कॉलेजातून येत असेल तर मायग्रेशन लागत नाही. तरी काऊंटरवर मागतातच, काहून ते देव जाणे.

वेळ तर पूर्ण चुकते. मे महिन्यात घरदार तेंदूपत्त्यावर, जुलै-ऑगस्टात रोवणी, आणि प्रवेशाच्या तारखा नेमक्या त्यातच. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद. म्हणून जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, पाऊस लागायच्या आत, आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्याला टेबल मांडा. सोबत स्कॅनर आणि समकक्षतेवर सही करू शकणारा माणूस हवा. नुसती माहितीपत्रकं वाटणारा पाठवू नका.

माडियाटोला: विविधतेचा हिशेब राखीव जागा भरल्यावर संपवू नका. राज्याच्या आरक्षणात अनुसूचित जमातीला 7 टक्के, आणि 2011 च्या जनगणनेत गडचिरोली जिल्ह्यात त्यांची लोकसंख्या 38 टक्क्यांवर. 7 टक्के भरून "कोटा पूर्ण" म्हणणं म्हणजे जिल्ह्याकडे पाठ फिरवणं. गुणवत्तेवर आलेला आदिवासी विद्यार्थी खुल्या जागेत धरा.

आकडे तालुकावार मांडा, मुली वेगळ्या दाखवा. सिरोंच्यात घरी तेलुगू, मुलचेऱ्यात बंगाली, भामरागडात माडिया बोलतात; टेबलावर ती भाषा बोलणारी विद्यार्थिनी बसवली तर मुलींच्या आया थांबून विचारतात.

राहायचं ठिकाण मात्र प्रवेशाआधी ठरायला हवं. आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहाचा अर्ज वेगळा. तिथं नंबर लागला नाही तर राहण्या-जेवणाचा खर्च देणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना, अनुसूचित जातीसाठी तशीच स्वाधार. महाडीबीटीवर (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) जुन्या कॉलेजचा अर्ज उघडाच असेल तर तो आधी निकाली काढा. आणि एक बीए झालेल्याला दुसऱ्या बीएसाठी शिष्यवृत्ती मिळत नाही, हे तोंडावर सांगा.

वैनगंगाकाठ: आभार सर, मॅडम. एटीकेटी असलेल्यांचं (एखादा पेपर राहिलेल्यांचं) काय करायचं?

क्रेडिटवाला: तो पेपर जुन्या विद्यापीठाचा, तिथंच निघायला हवा. नापास विषयाचे क्रेडिट जमाच होत नाहीत, समिती काय धरणार? हिवाळी परीक्षेत काढून पुढच्या जूनमध्ये या म्हणा, आणि नाव-नंबर लिहून ठेवा. उन्हाळ्यात फोन तुम्हीच करायचा, ते करणार नाहीत.