१८५७ च्या बंडानंतर माफी घेऊन परतलेल्यांचं पुढे काय झालं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी लांज्याचा. जवळचं कोट हे झाशीच्या नेवाळकरांचं (राणी लक्ष्मीबाईंच्या सासरच्या घराण्याचं) मूळ गाव, त्यामुळे सत्तावनच्या लढाया इथे सगळ्यांना पाठ. पण बंड शमल्यावर माणसं पुन्हा नांदली कशी, हे कुणी सांगत नाही.

१ नोव्हेंबर १८५८ च्या व्हिक्टोरिया राणीच्या जाहीरनाम्यात १ जानेवारी १८५९ पूर्वी घरी परतणाऱ्यांना माफी होती. ब्रिटिश प्रजाजनांच्या खुनात प्रत्यक्ष सामील असलेले वगळले होते. बंडाच्या पुढाऱ्यांना फक्त जीवदानाची हमी. तुलनेसाठी सांगतो, अमेरिकेत यादवी युद्धानंतर १८६५ मध्ये अध्यक्ष जॉन्सननी दिलेल्या माफीत २०,००० डॉलरहून जास्त मालमत्ता असलेल्या बंडखोरांना वेगळा अर्ज करावा लागे. तिकडे सरसकट माफी आली ती २५ डिसेंबर १८६८ ला.

मला वाटतं, जीव वाचला तरी जमीन गेली असेल तर समेट कसला!

कोकणातून उत्तरेत गेलेला पूर्वज असा परतल्याची आठवण किंवा कागद कुणाच्या घरी आहे का? वतन परत मिळालं का? भाऊबंदांनी घरात घेतलं का? मुंबईच्या पुराभिलेखागारात नेमकी कोणती दप्तरं मागावीत? मोडी कागद असेल तर फोटो टाका, मला वाचता येते.