लाँझो बॉल: करीची तुलना इथे लागू होत नाही

'२०१२ मध्ये स्टेफन करीचे घोटेही सारखे दुखावत होते, त्याच्या वॉरियर्स संघाने धीर धरला. मग शिकागो बुल्सनी लाँझोला क्लीव्हलंड संघाला देऊन आयझॅक ओकोरो का घेतला?' एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगवरच्या चर्चेत हा मुद्दा दोन-तीनदा आला आहे. मला तो पटत नाही. करीने २०११-१२ च्या हंगामात २६ सामने खेळले, त्यानंतर ४ वर्षांचा ४.४ कोटी डॉलरचा करार झाला आणि पुढच्याच हंगामात तो ७८ सामने खेळला. पण दुखणं घोट्याचं होतं, वय २४. लाँझोच्या डाव्या गुडघ्यावर तीन शस्त्रक्रिया झाल्या, तिसरीत कूर्चेचं प्रत्यारोपण. जानेवारी २०२२ नंतर तो थेट ऑक्टोबर २०२४ मध्ये मैदानात उतरला. परतल्यावर मनगटही दुखावलं, त्या हंगामात एकूण सामने ३५.

तरी त्याच्याबद्दल तुटक बोलणाऱ्यांचा मला राग येतो. जखमी झाला तेव्हा बुल्स पूर्व विभागात अव्वल होते, नंतर घसरत सहाव्या स्थानावर गेले. संघातल्या अॅलेक्स कारूसोबरोबरचा त्याचा बचाव, चेंडू हिसकावताच पुढे फेकलेला तो लांब पास, असा संघ मी पुन्हा पाहिला नाही. असं पुनरागमन करायला विलक्षण जिद्द लागते.

पण लाँझो पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन चाली रचणारा खेळाडू, आणि त्याच्यावर संपूर्ण आक्रमणाची घडी बसते. तो आज आहे, उद्या नाही, असं झालं की बाकीचे चौघे दर आठवड्याला नव्याने जुळवून घेत राहतात. मिनिटं मोजून खेळणारा राखीव गार्ड म्हणून मी त्याला नक्की ठेवलं असतं, पहिल्या पाचात मात्र नाही.