मदत हवी आहे: आगमनकाळाच्या जागरणात तिसऱ्या प्रहराला काय घ्यावं?

प्रभूमध्ये सलाम. नाशिकला शरणपूर रोड भागातल्या तरुण संघासाठी २८ नोव्हेंबर २०२६ च्या रात्री जागरण ठरतंय. दुसऱ्या दिवशी आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार.

आखणी बायबलमधल्या मार्क १३:३५ च्या चार प्रहरांची (संध्याकाळ, मध्यरात्र, कोंबडा आरवण्याची वेळ, सकाळ). ६ ते ९ लूक १२:३५-४०, ९ ते १२ मत्तय २५:१-१३, पहाटे ३ ते ६ पहिलं थेस्सलनीका ५:१-११. अडतंय १२ ते ३ ला. गारठा वाढतो, डोळे मिटतात आणि चर्चा हमखास युद्धं-भूकंप मोजत ख्रिस्ताच्या पुनरागमनाच्या तारखेच्या हिशोबाकडे वळते. मत्तय २४:३६ (तो दिवस कोणालाच ठाऊक नाही) नुकतंच वाचलेलं असलं तरी!

हा कोंबडा आरवण्याचा प्रहर, म्हणून गेथशेमाने बागेत शिष्य झोपी जातात तो प्रसंग (मार्क १४:३२-४२) आणि पेत्राचा नकार (१४:६६-७२) घ्यावेत असा विचार आहे. त्यानंतर सलग मौन ठेवावं की दर २० मिनिटांनी गीत? मौनात मुलं झोपतात, गीतांनी शेजारी उठतात.

सगळ्यांनी रात्रभर जागावं असा हट्ट नाही, पाळ्या लावू. मत्तय २५ च्या दाखल्यातल्या दहाही कुमारी झोपल्याच होत्या, फरक कुपीतल्या तेलाचा.

हळू आवाजात, पेटीशिवाय म्हणता येतील अशी पुनरागमनाची मराठी गीतं कोणती? आणि चर्चा तारखांवर गेली की पाळक ती कशी वळवतात?