दोन ट्रान्समीटर लावूनही सिल-२ जेमतेमच! हिशोब तपासून हवा आहे

पाताळगंगा_इन्स्ट्रु
नमस्कार मंडळी. बॅच रिअ‍ॅक्टरवरच्या हाय प्रेशर ट्रिपबद्दल विचारायचं आहे. प्रेशर वाढलं की मोनोमरचा (पॉलिमर बनवायच्या कच्च्या मालाचा) शटडाऊन व्हॉल्व्ह बंद व्हायला हवा. लोपामध्ये (धोक्यापासूनच्या संरक्षणाचे थर मोजणाऱ्या अभ्यासात) सिल-२ ही सुरक्षा पातळी आली आहे, म्हणजे गरजेच्या वेळी ट्रिप न चालण्याची सरासरी शक्यता ०.०१ च्या खाली हवी. न दिसणाऱ्या घातक बिघाडांचा दर ट्रान्समीटरसाठी (प्रेशर मोजून सिग्नल देणारं उपकरण) दर दहा लाख तासांत ०.३ धरला आहे. व्हॉल्व्ह, अ‍ॅक्च्युएटर (त्याला हवेने हलवणारा भाग) आणि सोलेनॉइड (ती हवा सोडणारा विजेवरचा छोटा व्हॉल्व्ह) मिळून २. लॉजिक सॉल्व्हर (ट्रिपचा निर्णय घेणारा कंट्रोलर) न चालण्याची शक्यता थेट ०.०००१ धरली. प्रूफ टेस्ट, म्हणजे लपलेले बिघाड शोधायची चाचणी, वार्षिक शटडाऊनमध्ये होते. एका ट्रान्समीटरवर बेरीज ०.०१०२ येत होती, म्हणून दुसरा लावून वन-आऊट-ऑफ-टू केलं, म्हणजे दोघांपैकी एकाने सांगितलं तरी ट्रिप. दोघांचे मिळून ०.०००००२ आले, तरी एकूण ०.००८९ च! आता शटडाऊन दोन वर्षांनी घ्यायचं घाटतंय. शिवाय वरून विचारणा आहे की प्लांटमधले असे सहा व्हॉल्व्ह पाच वर्षांत एकदाही अडकले नाहीत, मग २ हा दर जास्त नाही का?

बीटावाला
आधी व्हॉल्व्ह बघा. दर गुणिले दोन टेस्टमधलं अंतर (वर्षाचे ८७६० तास) भागिले दोन: ०.०००००२ × ८७६० ÷ २ = ०.००८८. जवळजवळ सगळा आकडा तिथेच आहे, ट्रान्समीटर तीन लावलेत तरी तो हलणार नाही. टेस्ट दोन वर्षांनी केली की एकट्या व्हॉल्व्हचे ०.०१७५ होतात आणि सिल-२ गेलं.

दुसरं, ट्रान्समीटरचा ०.०००००२ हा आकडा खरा नाही. दोघं एकमेकांशी काही संबंध नसल्यासारखे बिघडतात असं गृहीत धरलंय. बीटा, म्हणजे दोन्ही एकाच कारणाने एकदम बिघडण्याचा वाटा, ५ टक्के धरला तर सामाईक कारणांचेच ०.००००६६ येतात, म्हणजे तुमच्या आकड्याच्या सुमारे ३० पट. एकाच टॅपिंगवरून (रिअ‍ॅक्टरला पाडलेल्या भोकावरून) दोन्ही इम्पल्स लाइन (ट्रान्समीटरपर्यंत प्रेशर नेणाऱ्या बारीक नळ्या) निघाल्या असतील आणि तोंडाशी पॉलिमर जमला, तर दोन्ही ट्रान्समीटर एकदमच आंधळे होतात. एकाच माणसाने एकाच दिवशी एकाच चुकीच्या मास्टर गेजवर दोन्ही कॅलिब्रेट केले तरी तेच. टॅपिंग वेगळी घ्या, मोनोमर असेल तर डायफ्रॅम सील (माल नळीत शिरू न देणारा पडदा) लावा, दोन रीडिंगमधल्या फरकाला अलार्म द्या. फक्त लक्षात घ्या, दोन्ही लाइन एकत्र चोंदल्या तर हा अलार्म गप्पच राहतो.

स्ट्रोकटाइम
वरच्या हिशोबात प्रूफ टेस्ट शंभर टक्के बिघाड पकडते असं धरलंय. ती ८० टक्केच पकडत असेल आणि व्हॉल्व्ह दहा वर्षं ओव्हरहॉलला न खोलता वापरणार असाल, तर: ०.८ × ०.००८७६ + ०.२ × ०.०८७६ = ०.०२४५. दरवर्षी टेस्ट करूनही सिल-१.

पॅनेलमधून मिलिअँपिअर (खोटा सिग्नल) देऊन ट्रिप पाहणं ही अर्धीच टेस्ट. टॅपिंग मोकळी आहे का तेही बघा. मॅनिफोल्ड (ट्रान्समीटरजवळचे छोटे व्हॉल्व्ह) बंद करून हँडपंपाने खरं प्रेशर द्या, आणि ट्रान्समीटर एकेक करून ट्रिप करा. दोन्हींना एकदम प्रेशर दिलं तर एक मेलेला असला तरी कळणार नाही. व्हॉल्व्हला तेलपाणी करायच्या आधी पहिला स्ट्रोक घ्या, वेळ मोजा, सापडला तसा लिहून ठेवा. साफ करून मग टेस्ट केली तर वर्षभर अडकलेला व्हॉल्व्हही पास होतो. सीट गळती (बंद व्हॉल्व्हमधून होणारी) लोपात महत्त्वाची असेल तर तीही तपासायला हवी. शेवटी मॅनिफोल्ड उघडा आणि टेस्टपुरता लावलेला बायपास निघालेला आहे हे दुसऱ्या माणसाने पाहून सही करावी.

ही शेवटची पायरी कंटाळवाणी वाटते, पण इंग्लंडमध्ये बन्सफिल्डच्या इंधन डेपोत ११ डिसेंबर २००५ रोजी झालेल्या स्फोटात हेच नडलं. टाकीचा लेव्हल गेज एका आकड्यावर अडकला, पेट्रोल येतच राहिलं, आणि स्वतंत्र हाय लेव्हल स्विचही चालला नाही, कारण त्याच्या टेस्ट लिव्हरला कुलूप नव्हतं. कुलूप छेडछाड होऊ नये म्हणून असतं असा समज होता. खरं तर लिव्हर कामाच्या स्थितीत धरून ठेवणं हेच त्याचं काम होतं.

संख्याशास्त्र_ठाणे
सहा व्हॉल्व्हबद्दल. ६ × ५ × ८७६० = २,६२,८०० तास, शून्य बिघाड. शून्य बिघाडावरून ७० टक्के विश्वासपातळीला दराची वरची मर्यादा १.२ भागिले तास, म्हणजे दर दहा लाख तासांत ४.६. ९५ टक्क्यांना ३ भागिले तास, ११.४. खरा दर २ असता तरी पाच वर्षं काहीच न दिसण्याची शक्यता ५९ टक्के आहे. ‘अडकले नाहीत’ यावरून दर कमी करता येत नाही. ७० टक्क्यांवर २ पर्यंत यायलाच सुमारे ६९ व्हॉल्व्ह-वर्षं लागतात, तीही प्रत्येक स्ट्रोकची नोंद असेल तरच.

पाताळगंगा_इन्स्ट्रु
खूप आभार. मग दर महिन्याला पार्शल स्ट्रोक (चालू प्लांटमध्ये व्हॉल्व्ह थोडासाच हलवून बघणं) की दुसरा व्हॉल्व्ह?

बीटावाला
पार्शल स्ट्रोक ६० टक्के बिघाड पकडतो असं धरलं आणि पूर्ण टेस्ट दरवर्षी ठेवली, तर व्हॉल्व्हचे ०.००३९. पण शटडाऊन दोन वर्षांवर जाणार असेल तर दुसरा व्हॉल्व्ह सिरीजमध्ये घ्या: बीटा १० टक्के धरून, दोन वर्षांच्या अंतरालाही ०.००२२. दोघांना वेगळे सोलेनॉइड द्या आणि एक्झॉस्ट पोर्टवर (व्हॉल्व्ह बंद होताना हवा सुटते त्या तोंडावर) जाळी बसवा. तिथे कुंभारमाशीने मातीचं घर केलं की हवा बाहेर पडत नाही आणि व्हॉल्व्ह उघडाच राहतो. व्हॉल्व्ह चालवणारी एअर ओली असेल तर दोन्ही सोलेनॉइड एकाच गंजाने अडकतील, तेव्हा ड्रायरचा ड्यू पॉइंट (हवा किती कोरडी आहे ते) पाहून घ्या. आणि दोन व्हॉल्व्ह म्हणजे फुकटच्या ट्रिपही साधारण दुप्पट. बॅच मध्येच थांबली तर रिअ‍ॅक्टर सुरक्षित राहतो ना, हे प्रोसेसवाल्यांकडून आधी लेखी घ्या.