शब्दचर्चा: ‘रेड टाइड’ला ‘लाल भरती’ म्हणावं का?

प्रश्न: किनाऱ्यालगतच्या प्लवकांवरील (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवरील) देखरेखीची माहितीपत्रिका मराठीत करते आहे. ‘रेड टाइड’ला ‘लाल भरती’ आणि ‘टॉक्सिक अल्गल ब्लूम’ला ‘विषारी शेवाळ’ लिहिलंय. चालेल?

प्रतिसाद: ‘लाल भरती’ नकोच. प्लवकांची एकाएकी दाटी होते, तिला ‘रेड टाइड’ म्हणतात; तिचा भरती-ओहोटीशी संबंध नाही आणि पाणी लाल होईलच असंही नाही. नॉक्टिल्युका ही प्लवकाची जात घ्या. कोकणात रात्री लाटा निळ्या चमकतात, त्या बऱ्याचदा हिच्यामुळे. दाटी झाली की दिवसा पाणी लालसर दिसतं. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात तिचा हिरवा प्रकार माजतो. तिच्यापायी मासे मरतात ते अमोनियामुळे किंवा प्राणवायू घटल्यामुळे. उलट अलेक्झांड्रियम या दुसऱ्या प्लवकाच्या काही जातींच्या लिटरमागे काही शे पेशी असल्या, तरी शिंपल्यांत विष साठू शकतं. पाणी मात्र नेहमीसारखंच!

दुसरा प्रतिसाद: ‘शेवाळ’ म्हटलं की विहिरीच्या पायरीवरचा बुळबुळीत थर आठवतो. इथे तर तरंगणारे एकपेशीय जीव. ‘प्लवक’ रुळलेला आहे, तोच ठेवा. ‘ब्लूम’ला, म्हणजे या दाटीला, ‘बहर’ चालेल, पण आंब्याच्या बहरासारखा तो आनंदाचा वाटू नये म्हणून आधी ‘घातक’ हवं.

प्रश्नकर्ती: मग ‘विषारी’ कधी लिहायचं?

पहिला प्रतिसादक: विष असल्याची खात्री असेल तेव्हाच. प्रयोगशाळेत नमुन्यात लुगॉलचं आयोडीन (पेशी टिकवणारं तपकिरी द्रावण) टाकतात, पाणी चहासारखं दिसतं, पेशी तळाशी बसतात. मग एक मिलिलिटर पाणी हजार चौकटींच्या काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी. त्यातून कोण आणि किती हे कळतं. विष तपासायचं ते शिंपल्यांच्या मांसात. अनेक देशांत किलोमागे ८०० मायक्रोग्रॅम सॅक्सिटॉक्सिन (अलेक्झांड्रियमचं विष) ही मर्यादा आहे. त्यापुढे विक्री थांबवतात.

आणि कृपा करून ‘नीट शिजवून खा’ असं कुठे लिहू नका. तिसऱ्या, कालवं कितीही उकळली तरी हे विष जात नाही. १९९७ साली केरळात विळिंजमला शिंपले खाऊन माणसं दगावली आहेत.

प्रश्नकर्ती: पत्रिकेत ‘पाणी लाल दिसल्यास शिंपले खाऊ नका’ असं वाक्य आहे. ते बदलून ‘पाणी स्वच्छ दिसलं तरी बंदी उठेपर्यंत शिंपले काढू नका, खाऊ नका’ असं करते.

दुसरा प्रतिसाद: हे अगदी योग्य. ठळक अक्षरात छापा.